शेपटी असलेली व्हिस्की

तारीख : दिवाळीनंतरचा पहिला शनिवार. रक्कम : माणशी दीड हजार रुपये, आगाऊ. हजर : यजमान रामटेकेसाहेब, समोरच्या घरातले दुबे गुरुजी आणि मी. कारण : व्हिस्की.

एवढं वाचून कुणाला वाटेल की बालाघाटच्या आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी मोठी मैफल जमली होती. वाटू द्या. पहिला अर्धा तास आमच्या समोर फक्त फरसाण होतं, आणि तेही हात लावायला मनाई होती. रामटेकेसाहेबांनी पाकीट फोडून सगळं फरसाण वर्तमानपत्रावर ओतलं. त्याचा शंकूसारखा ढीग केला. तळहातानं दाबून तो चपटा केला. स्टीलच्या पट्टीनं त्याचे चार भाग पाडले, समोरासमोरचे दोन भाग उचलून पुन्हा पाकिटात भरले आणि उरलेल्या दोन भागांचा परत शंकू करायला घेतला.

"रामटेकेजी, भूख लगी है," दुबेजी म्हणाले.

"थांबा ना, गुरुजी. सॅम्पल चुकलं का सगळंच चुकलं. नाही तं एकाच्या वाट्याले शेंगदाणे येते अन् एकाच्या वाट्याले नुसती शेव."

दुबेजी हिंदीत बोलतात, रामटेकेसाहेब मराठीत, आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं समजतं, फक्त पटत नाही. 

रामटेकेसाहेबांचं सगळं आयुष्य भरवेलीच्या मँगनीज खाणीच्या प्रयोगशाळेत गेलं. खाणीतून निघालेल्या दगडाच्या डोंगराएवढ्या ढिगातून दोन मुठी उचलायच्या आणि त्यावरून अख्ख्या ढिगाची प्रत सांगायची, हे त्यांचं काम. शंकू करायचा, चार भाग पाडायचे, दोन फेकायचे, पुन्हा शंकू करायचा. असं करत करत ट्रकभर मालाची चिमूटभर भुकटी होते आणि त्या चिमटीत ट्रकची सगळी लायकी येते. काम चांगलंच आहे. त्रास इतकाच की निवृत्त होऊन आमच्या शेजारी राहायला आल्यावरही त्यांनी ते बंद केलं नाही.

भाजीबाजारात ते वाटाण्याच्या ढिगातली एक शेंग वरून घेतात, एक मधून आणि एक तळातून. भाजीवाली विचारते, "साहब, लेना है कि जाँच करना है?" लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला बाजूला घेऊन वरणाचा एक डाव वरचा आणि एक तळाचा मागतात. माझ्या पुतणीसाठी परसवाड्याचं एक स्थळ आलं तेव्हा मी त्यांना बरोबर नेलं, ही माझी चूक. मुलाशी बोलले, मुलाच्या आईशी बोलले, आणि चहा येईपर्यंत गायब. सापडले ते गोठ्यात, त्यांच्या गड्याशी बोलत. परतीच्या वाटेवर म्हणाले, "मुनीमजी, वरचं सॅम्पल चांगलं हाय, मंधातलंही चांगलं हाय. पण त्या गड्याचा तीन महिन्याचा पगार थकला हाय. माल घेऊ नोका." 

मी घेतला नाही. हे त्यांच्या बाजूनं लिहितो, कारण पुढे त्यांच्या बाजूनं लिहिण्यासारखं फारसं येणार नाही.

मला ते मुनीमजी म्हणतात, कारण मी राइस मिलमध्ये हिशेब पाहतो. त्यांचं दुसरं लाडकं वाक्य म्हणजे, "घाई नोको. निथळू द्या." गल्लीत भांडण झालं, निवडणुकीचा निकाल लागला, कुणाचा ताप उतरेना, सगळ्यावर हेच. आमच्या मोटारसायकलचा ब्रेक लागेना तेव्हाही मागच्या सीटवरून त्यांनी हेच सांगितलं होतं.

रोज सकाळी ओट्यावर आरसा टांगून ते जुन्या वस्तऱ्यानं दाढी करतात आणि रोज हनुवटी कापून घेतात. मग आरशाच्याच खिळ्याला दोऱ्यानं टांगलेला तुरटीचा खडा काढून चोळतात. त्यामुळे दिवसभर त्यांच्या हनुवटीवर पांढरी भुकटी दिसते. नवीन माणसाला वाटतं, साहेब आत्ताच पेढा खाऊन आले.

आता व्हिस्कीचं प्रकरण. त्याला सुरुवात झाली एका फोनमुळे, आणि तो फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. त्यांचा मुलगा प्रशांत हैदराबादला असतो. वत्सलाबाई, म्हणजे रामटेकेसाहेबांच्या पत्नी, वारल्या त्याला दोन वर्षं होऊन गेली. तेव्हापासून प्रशांत वडिलांना तिकडे बोलावतो आहे आणि हे "निथळू द्या" म्हणताहेत. शेवटी या दिवाळीत कबूल झाले. नाताळच्या सुट्टीत प्रशांत येणार आणि त्यांना घेऊन जाणार. फोनवर प्रशांतनं खोलीचं सांगितलं, पलंगाचं सांगितलं, आणि मग म्हणाला, "बाबा, शनिवारची तुमची एक असते ना, ती इकडेही घ्या. कोणती घेता तेवढं सांगा. मी आणून ठेवतो."

रामटेकेसाहेबांनी हनुवटी चोळली. मग म्हणाले, "सांगतो. घाई काय हाय."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू परीक्षेत न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न आला आहे. "मुनीमजी, माणसाले आपली व्हिस्की कोणती ते माईत पाहिजे."

"तुम्हाला माहीत नाही? इतकी वर्षं घेताय."

"तपासली नाही कधी. आता तपासतो. नाताळाच्या आत रिझल्ट पाहिजे."

दुसरा कुणी असता तर दुकानात जाऊन एक बाटली आणली असती आणि विषय संपवला असता. आमच्याकडे वर्गणी निघाली. मळीची आपली देशातली, जवाची स्कॉटलंडची, आयर्लंडची, अमेरिकेतली मक्याची, अशा लहान लहान बाटल्या इंग्रजी दारूच्या दुकानातून आणि काही नागपूरहून आल्या. धुराच्या वासाची एक दुबेजींच्या भाच्यानं दुबईहून आणली होती आणि तिच्याकडे घरात कुणी पाहत नव्हतं. तिची किंमत दुबेजींनी आपल्या वर्गणीतून वजा करून मागितली. मी नाही म्हटलं. भेट ही भेट असते.

मापाबद्दल सांगतो. प्रयोगशाळेतून निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात. रामटेकेसाहेब काचेची एक उभी मापनळी घेऊन आले होते. तिच्यात व्हिस्की ओतायची, मग फरशीवर गुडघे टेकून, एक डोळा मिटून, रेघ आणि द्रव समोरासमोर आणून पाहायचं. थेंब जास्त झाला तर ड्रॉपरनं काढायचा. माणशी एका नमुन्याची पंधरा मिलीलिटर. वर दुप्पट पाणी. ग्लास स्टीलचे, म्हणजे रंग पाहून कुणी मत बनवू नये.

"इतने में तो होम्योपैथी होती है, रामटेकेजी," दुबेजी ग्लासात डोकावून म्हणाले.

"चव पाहाची हाय, गुरुजी. न्हाहाची नाही."

पाण्याचीही वेगळी गोष्ट. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून ते बाद. घरात पाणी शुद्ध करायचं मशीन होतं. वत्सलाबाई गेल्यावर महिन्याभरात प्रशांतनं ते बसवलं होतं. पण त्याचाही भरवसा नाही. "पाहाची हाय व्हिस्की, अन् मंधात पाणीच बोललं तर?" म्हणून त्यांनी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरची कॅन आणली. ज्या पाण्यावर बालाघाट जिल्ह्यातले ट्रॅक्टर सुरू होतात, त्या पाण्यात आम्ही स्कॉटलंडची मेहनत बुडवत होतो. दुबेजींना हे तिसऱ्या शनिवारी कळलं. त्यांनी रामाचं नाव घेऊन ग्लास उचलला. उचलला मात्र.

पहिल्या शनिवारी मळीची आणि जवाची. रामटेकेसाहेबांनी ग्लास नाकाशी धरला, घोट घेतला, डोळे मिटले. आम्ही त्यांच्या हनुवटीवरच्या तुरटीकडे पाहत बसलो.

"मळीची गोड हाय, पण थिल्लर. हलका माल. जवाची चांगली. प्रत वरची हाय." आम्ही सुटकेचा श्वास सोडतो तोच त्यांनी मान हलवली. "पण शेपटी नाही."

"पूँछ?" दुबेजी.

"हौ. गिळल्यावर शेवटी जिभेले जे लागते ते. माहीले शेपटी होती. तुरट. तोंड थोडंसं आवळून धरे, अन् मंग सोडून दे. ही तं गेली का गेलीच."

त्या दिवसापासून आमचा सगळा शोध शेपटीचा होता. जगात लोक व्हिस्कीत मध शोधतात, लाकूड शोधतात, सुकी फळं शोधतात. बालाघाटात तीन प्रौढ माणसं शेपटी शोधत होती, त्यातल्या दोघांना ती कशी दिसते हेही माहीत नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी पौर्णिमा आली. दुबेजी वेळेवर ग्लास घेऊन हजर. रामटेकेसाहेब पांढरा सदरा घालून बसले होते. बाटल्या बाहेर काढल्याच नाहीत.

"आज नाही. आज पौर्णिमा हाय. वच्छला पौर्णिमेले देत नसे."

"पण आता..." मी म्हणालो आणि थांबलो.

"देत नसे," ते पुन्हा म्हणाले. मग त्यांनी आम्हाला खीर दिली. खिरीचे चार भाग केले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

तिसऱ्या शनिवारी आयर्लंडची आणि मक्याची. आयर्लंडच्या व्हिस्कीला त्यांनी "सभ्य बाई" म्हटलं. "आली, नमस्कार केला, गेली. घरात कोण आलं होतं तेही आठवत नाही." मक्याची तोंडात धरून ते म्हणाले, "ही लग्नातली आइस्क्रीम हाय. मले जेवणाआधी आइस्क्रीम काहून देऊन राह्यले?" मला स्वतःला मक्याची आवडली. मत विचारलं गेलं नाही.

आणि त्याच दिवशी त्यांनी एक गुपचूप प्रकार केला. प्रयोगशाळेत म्हणे नमुन्यांच्या मध्ये एक रिकामा नमुना ठेवतात, तपासणाऱ्याची परीक्षा घ्यायला. त्याला ते ब्लँक म्हणत. त्यांनी एका ग्लासात नुसतं डिस्टिल्ड पाणी ठेवलं. दुबेजींनी त्याआधी दोन मिरच्यांची भजी खाल्ली होती. त्यांनी तो ग्लास एका घोटात संपवला, मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "वाह! यह है असली चीज़. इतनी स्मूथ! रामटेकेजी, यही है आपकी."

रामटेकेसाहेबांनी ग्लास उलटा करून तळाची चिठ्ठी दाखवली. दुबेजी पुढचा आठवडाभर गल्लीच्या दुसऱ्या बाजूनं चालत होते.

चौथ्या शनिवारी दुबईची धुराची उघडली. तिचा वास, आम्ही बसत होतो त्या छपरीतून निघून, आमच्या स्वयंपाकघरात गेला आणि माझी बायको सुनंदा भिंतीवरून डोकावली. "काय जळून राह्यलं वो?"

"व्हिस्की आहे," मी म्हणालो.

"मंग जळू द्या," ती म्हणाली आणि खाली उतरली.

दुबेजी नाक धरून बसले. "इसमें तो किसी ने अस्पताल की पट्टी निचोड़ी है. भांजे ने हमसे कौन सा बदला लिया?" रामटेकेसाहेबांनी मात्र ती पुन्हा पुन्हा हुंगली. माझ्या मनात आशा उभी राहिली. त्यांच्या खाणीतल्या भट्टीच्या धुराची आठवण येते, असं ते म्हणाले. "ही जवळ हाय. पण ही माह्या ड्यूटीची चव हाय. मले घरची पाहिजे."

पाचव्या शनिवारी दुबेजींच्या ओळखीनं बिरश्याहून मोहाची आली. वर्गणीत तिची तरतूद नव्हती, पण शोध आता अशा वळणावर आला होता की मी काही बोललो नाही. रामटेकेसाहेबांनी वास घेतला आणि ग्लास आदरानं खाली ठेवला. "चांगला माल हाय. पण हे वेगळं खनिज हाय. मँगनीज शोधताना सोनं जरी निघालं, तरी रिपोर्ट मँगनीजचाच द्या लागते." सोनं दुबेजी घरी घेऊन गेले.

नाताळ जवळ आला. बाटल्या संपत आल्या, डिस्टिल्ड पाण्याची दुसरी कॅन उघडली, आणि रिझल्ट काही नाही. प्रशांतचा पुन्हा फोन आला. "बाबा, सांगताय ना? इथे सगळ्या मिळतात."

"सांगतो," रामटेकेसाहेब म्हणाले. या वेळी "घाई काय हाय" म्हणाले नाहीत.

शेवटच्या शनिवारी त्यांनी फरसाणही काढलं नाही. थंडी चांगली पडली होती. दुबेजी मफलरमध्ये गुंडाळून बसले होते. रामटेकेसाहेबांनी सगळ्या बाटल्या ओळीनं मांडल्या आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं मास्तर नापास वर्गाकडे पाहतो.

माझा संयम तिथे सुटला. "साहेब, सरळ विचारतो. वहिनी असताना घरात कोणती बाटली यायची? नाव सांगा. उद्या जाऊन तीच आणतो. ही होळी बंद करू."

"तेच तं," ते म्हणाले. "बाटली कुठली एकच होती? भरवेलीले असताना दुकानात जी भेटे ते येई. मंग ते बंद झाली, दुसरी आली. मंग भाव वाढला, तिसरी आली. इथं राहाले आलो तं चौथी. एकदा प्रशांतनं परदेशातली आणली, तेही तिनं तशीच दिली. बाटल्या बदलल्या, मुनीमजी. चव बदलली नाही. शेपटी तीच. म्हणून तं मी म्हणतो, माही जीभ पक्की हाय."

दुबेजींनी कौतुकानं मान हलवली. मी हलवली नाही. मी आयुष्यभर आकड्यांचं काम केलं आहे. वरचे सगळे आकडे बदलत असतील आणि खालची बेरीज बदलत नसेल, तर बेरीज पक्की आहे असं कुणी समजत नाही. कुठेतरी एक रक्कम लिहायची राहून गेली आहे, असं समजतात.

"वहिनी द्यायच्या म्हणजे कशा द्यायच्या?"

"आत जाई. घेऊन येई. एक ग्लास, शनिवारी. लग्नानंतर मी पहिल्यांदा घेतली तवा तिनं सांगितलं, पंचशील मोडाचंच हाय तं माह्या हातानं मोडा, म्हणजे माप तरी राहील. तवापासून ह्या तपासणीआधी मी कधी स्वतः ओतली नाही; ती गेल्यावर तं घेतलीच नाही." ते थोडं हसले. "ओताले गेलो असतो तं आज प्रशांतले नाव सांगता आलं असतं."

आता मला तो फोन समजला. मुलाला बाटलीचं नाव सांगता येत नव्हतं, कारण ग्लास कुठून येतो हे या माणसानं कधी पाहिलंच नव्हतं. आणि हे मुलाला सांगायची लाज वाटत होती, म्हणून आम्ही आठवडेच्या आठवडे गुडघे टेकून बसलो होतो.

"आणि पाणी?" मी विचारलं.

"पाणी म्हणजे पाणी. घरचं."

"मशीनचं?"

"मशीन तवा कुठं होतं?"

तेवढ्यात सुनंदा भज्यांची ताटली घेऊन आली. आमच्या वर्गणीत भजी नव्हती, पण ती अशा वेळी हिशेब पाहत नाही. शेवटचं बोलणं तिनं ऐकलं असावं.

"भाऊजी, वच्छलाताईच्या घरचं पाणी मी कधीच पूर्ण ग्लास प्याली नाही," ती म्हणाली. "तोंड आवळून जाये. तुरटीचा हात लयच सैल होता त्यायचा. पावसाळा असो का उन्हाळा, पाण्याच्या गुंडात तुरटी फिरवल्याबिगर प्याले देत नसत. मी म्हणे, ताई, आता नळाचं पाणी साफ येते. तं म्हणे, भरवेलीले पहिल्या वर्षी ह्यायले गढूळ पाण्यानं कावीळ झालती, मी तवाच ठरवलं."

रामटेकेसाहेबांचा हात सवयीनं हनुवटीवर गेला होता. तिथे पांढरी भुकटी होती. ते बोटाकडे पाहत राहिले.

मी उठलो आणि ओट्यावर गेलो. आरशाच्या खिळ्याला तो खडा लटकत होता. एका बाजूनं झिजून, गुळगुळीत होऊन, त्याला मधोमध कंबर पडली होती आणि त्या कंबरेला दोरा बांधलेला होता. मी तो रोज पाहत होतो. तो आणून मी त्यांच्यासमोर ठेवला.

"साहेब, दाढीच्या तुरटीला दोरा कशाला लागतो?"

"वच्छलानं बांधला असंल. सैपाकघरात खुंटीले होता हा. ती गेल्यावर मले वाटलं..." ते थांबले. "मले वाटलं, माह्या दाढीसाठीच ठेवला हाय."

"दो साल से मुँह पर लगा रहे हैं," दुबेजी हळूच म्हणाले. त्यांना हसायचं होतं. हसले नाहीत. मीही नाही.

सुनंदानं खडा घेतला, आत जाऊन घासून धुतला, दोन-तीनदा धुतला, कारण तो दोन वर्षं दाढीला लागलेला होता आणि ती माझी बायको आहे. मग नळाचं पाणी तांब्याच्या गडव्यात घेतलं, दोरा बोटाला गुंडाळला आणि खडा पाण्यात सोडून फिरवायला लागली. रामटेकेसाहेब दारात उभे राहून पाहत होते. जगातल्या प्रत्येक ढिगातून चिमूट उचलून पाहणारा माणूस आपल्याच स्वयंपाकघराच्या दारात पहिल्यांदा उभा आहे, असं वाटत होतं.

"जास्त फिरवा, वहिनी," ते म्हणाले. "तिचा हात सैल होता म्हणता ना."

गडवा झाकून आम्ही थांबलो. निथळू दिलं. या वेळी ते कुणी म्हणालं नाही.

व्हिस्की कोणती घ्यायची, हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी ओळीतली सगळ्यात जवळची उचलली. ती मळीची होती, हलका माल, थिल्लर. मापनळी बाजूलाच होती. त्यांनी ती घेतली नाही. बाटली सुनंदाच्या हातात दिली. माझ्या बायकोनं आयुष्यात दारूच्या बाटलीला हात लावलेला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि अंदाजानं थोडी ओतली. वर गडव्यातलं पाणी.

त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले. गिळला. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांचं तोंड किंचित आवळलं.

"हाय," ते म्हणाले.

दुबेजींनी आणि मीही एकेक घोट घेतला. खरं सांगायचं तर भयंकर लागत होती. स्कॉटलंडमध्ये कुणाला कळलं असतं तर खटला भरला असता. आम्ही दोघांनी ग्लास पूर्ण संपवला.

"मी साऱ्या खाणीचं सॅम्पल घेतलं," रामटेकेसाहेब म्हणाले. "घरचं पाणी तेवढं ब्लँक समजलो."

"तुमी माणसं पाण्याले काय समजता ते आमाले माईत हाय," सुनंदा म्हणाली आणि भज्यांची रिकामी ताटली उचलून घरी गेली. ती डोळे पुसत होती की भज्यांचं तेल, हे मी विचारलं नाही.

त्यांनी तिथूनच प्रशांतला फोन लावला. "हॅलो. हौ, सापडली. नाही, नाव काही नाही. तू कोणतीही आण, स्वस्तातली आण. पाण्याचं मी पाहतो. अन् आयक, तिथं तांब्याचा गडवा हाय का? ... नाही तं मी इथून आणतो."

नाताळच्या सुट्टीत प्रशांत आला. सामान दोन दिवसांत बांधून झालं. मापनळी त्यांनी दुबेजींना दिली. दुबेजी आता तिच्यात खोकल्याचं औषध मोजतात, गुडघे टेकून. उरलेल्या बाटल्यांचं काय झालं ते मला माहीत नाही, असं मी घरी सांगितलं आहे.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी ओट्यावर शेवटची दाढी केली आणि नेहमीप्रमाणे कापून घेतलं. हात खिळ्याकडे गेला आणि मधेच थांबला. खिळा रिकामा होता. खडा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता आणि दोरा बाहेर लोंबत होता. ते हनुवटीवर बोट दाबून तसेच उभे राहिले. रक्त थांबत नव्हतं, पण खिशाला हात लावायला तयार नव्हते.

मी कोपऱ्यावर जाऊन आलो.

हिशेब इथे बंद करतो. वर्गणीतून सगळा खर्च वजा जाता जे थोडे पैसे उरले होते, त्यातून शेवटची रक्कम दिली ती अशी : तुरटी, नवा खडा, फक्त दाढीसाठी, रुपये दहा. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला, रोख.